चूक कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका भगिनीचा उजवा हात कडबाकुट्टीत सापडला. दोन बोटे गेली. बातमी कळताच आम्ही चार-पाच जण फादरांबरोबर दवाखान्यात गेलो. हाताला मोठे बँडेज होते, चेहरा उतरलेला होता. कोणी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "माझंच चुकलं, फादर. लक्ष नव्हतं माझं."

आम्ही प्रार्थना केली, धीर दिला आणि वडापने परत निघालो. वाटेत गाडीत जे बोलणे झाले ते लिहायला आज संकोच वाटतो. "रोजचं काम, आणि एवढंही कळू नये?" "मोटार चालू असताना हात घालायचाच कशाला?" "हल्ली बायकांचं लक्ष मोबाईलमध्ये." शेवटचे वाक्य बोलणाऱ्याला हेही ठाऊक नव्हते की तिच्याकडे स्वतःचा मोबाईलच नाही. आमच्यापैकी कोणीही त्याला अडवले नाही. खरे सांगायचे तर आम्हा सर्वांनाच ते बोलणे पटले होते.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी आम्ही तिच्या घरी गेलो. चहा होईपर्यंत गोठ्यात डोकावलो आणि तेथेच थबकलो. गोठ्यात एकच दिवा, तोही दाराकडे. यंत्र मागच्या कोपऱ्यात, त्यामुळे वैरण घालणाऱ्याची सावली नेमकी यंत्राच्या तोंडावर पडते. तोंडावर पत्र्याचे झाकण असायला हवे ते नव्हते. यंत्र जुने घेतलेले. झाकण नसले की वैरण भराभर सरते, म्हणून आधीच्या मालकाने ते काढून टाकले होते. पावसात गवत ओले असते, रोलरवर घसरते आणि शेवटची मूठ हाताने आत रेटावी लागते. आणि मोटारीचे बटण कोठे, तर दाराच्या चौकटीजवळ. आम्ही मोजले. यंत्रापासून सात पावले. हात आत ओढला गेला तेव्हा ती ओरडत होती आणि बटण सात पावलांवर होते. धारेची वेळ असल्याने बाकीची माणसे गायींपाशी होती. ती धावत येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले.

तिने यातले काहीच आम्हाला सांगितले नव्हते. तिने फक्त स्वतःची चूक सांगितली होती.

त्या दिवसापासून आम्हाला एक प्रश्न सोडत नाही. यंत्रापाशी माणूस चुकला की आपण त्या माणसाकडे बोट दाखवतो. ते न्यायाचे आहे का?

हा प्रश्न जगात इतरांनाही पडला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि उतरल्यावर अचानक पोटावर बसत. अनुभवी वैमानिक चाके आत घेण्याची दांडी ओढून बसत. अहवालात लिहिले जाई : वैमानिकाची चूक. आल्फान्स चपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला हे पाहायला सांगितले गेले. त्याने वैमानिकांची खरडपट्टी काढली नाही. तो विमानात जाऊन बसला. चाकांची दांडी आणि पंखांच्या झडपांची दांडी शेजारी-शेजारी होत्या, दिसायला व हाताला जवळजवळ सारख्या. उतरल्यावर झडपा मिटायच्या असतात. दमलेला माणूस न पाहता हात नेतो आणि शेजारची दांडी ओढतो. इतर काही विमानांत या दोन दांड्या वेगळ्या ठिकाणी होत्या, तेथे हे अपघात होत नव्हते. चपॅनिसने एका दांडीला रबराचे छोटे चाक बसवले आणि दुसरीला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही हाताला कळावे, आपण काय धरले आहे ते. अपघात थांबले. वैमानिक तेच होते.

यातून पुढे एक मोठे शास्त्र उभे राहिले. यंत्र, पडदा, बटण, हत्यार वापरणाऱ्या माणसाकडे आधी नीट पाहायचे, त्याला विचारायचे आणि मग वस्तू घडवायची. इंग्रजीत याला ह्युमन फॅक्टर्स म्हणतात. आपल्याकडे रूढ शब्द नाही. आमच्या आजोबांच्या पिढीतला सुतार कुऱ्हाडीचा दांडा बसवण्याआधी गिऱ्हाइकाचा हात पाहत असे, तीच ही गोष्ट.

कडबाकुट्टी तर आपल्या भागाची जुनी ओळखीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात जी पहिली शेती-यंत्रे केली त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते. लोखंडी नांगर त्यानंतरचा, आणि किर्लोस्करवाडी १९१० सालची. शंभर वर्षांहून अधिक काळ हे यंत्र आपल्या गोठ्यांत आहे आणि तितकाच काळ त्यात हातही सापडत आहेत. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेकडील खेड्यांत जाऊन या अपघातांचा अभ्यास केला. हातांनी फिरवायच्या यंत्रात कितीतरी लहान मुलांची बोटे जात होती, काहींची तर खेळता-खेळता. त्यांनी 'पालकांनी काळजी घ्यावी' एवढेच सांगून विषय संपवला नाही. तोंडापाशी एक साधा रोलर, म्हणजे पात्यापर्यंत पोचण्याआधी हाताला सूचना मिळेल. पात्यावर आडोसा. काम नसताना चाक फिरूच नये म्हणून खिटी. गावच्या लोहाराला जमतील असे हे उपाय. मळणी यंत्रांत जाणाऱ्या हातांबद्दल तर आपल्या संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदाही केला. हात ड्रमपर्यंत पोचूच नये असे वैरणीचे किंवा पिकाचे तोंड ठेवता येते, हे तेव्हापासून सर्वांना माहीत आहे.

येथे एक शंका येते आणि ती योग्यच आहे. मग माणसाची जबाबदारी काहीच नाही का? आमच्यातील एक बंधू कारखान्यात प्रेस मशीनवर काम करत. त्या मशीनला दोन बटणे असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची. हेतू हा की प्रेस खाली येताना दोन्ही हात बटणांवर असावेत, आत नसावेत. ते सांगतात की त्यांच्याकडे एक बटण चिंधीने बांधून ठेवण्याची पद्धतच पडली होती. एक हात मोकळा, नग जास्त. "आता यात मशीन बनवणाऱ्याचा काय दोष?" असे ते आम्हालाच विचारतात.

आम्ही यावर बराच वाद घातला. नगावर पैसे मिळतात, आणि बटणे प्रामाणिकपणे दाबली तर दिवसाचा आकडा पुरा होत नाही. सुपरवायझरला चिंधी दिसते, पण आकडा पुरा होत असल्यामुळे तो पाहत नाही. अपघात झाला की मात्र चिंधी सर्वांना दिसते. त्या बंधूंचा दोष आहेच, ते स्वतः नाकारत नाहीत. पण दोषाची वाटणी करायची तर सगळ्यांची पाने मांडावी लागतील. एकाच्याच ताटात सगळे वाढता येणार नाही.

आपल्या धर्मशिक्षणात लहानपणीच शिकवतात की गंभीर पाप होण्यासाठी पूर्ण जाणीव आणि मनापासून दिलेली संमती लागते. सवयीने पुढे गेलेल्या हाताला कसली संमती? ज्याने झाकण काढले त्याला मात्र विचार करायला वेळ होता. ज्याने बटण दारापाशी बसवले त्यालाही होता, कारण वायर कमी लागते. यांपैकी कोणी दुष्ट नव्हते. पण दवाखान्यात 'माझं चुकलं' असे म्हणायला त्यांच्यापैकी कोणीही आला नाही.

माणसाकडे नीट पाहणे ही गोष्टही दोन प्रकारची असते, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील बेथलेहेम या गावी (नाव आपल्या ओळखीचे, पण तेथे पोलादाचा कारखाना होता) फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरने १९०० सालाच्या आसपास फावडे मारणाऱ्या मजुरांचे निरीक्षण केले. एका फावड्यात सुमारे साडेनऊ किलो वजन असले की माणूस दिवसभरात सर्वांत जास्त माल हलवतो, असे त्याने काढले. त्याप्रमाणे फावडी केली. पूर्वी जेथे चार-पाचशे माणसे लागत तेथे सुमारे एकशेचाळीस पुरली. फावडे हाताला बेताचे झाले, राहिलेल्यांची मजुरीही वाढली. बाकीचे घरी बसले. टेलरचे घड्याळ आणि चपॅनिसचे रबरी चाक, दोन्ही बारकाईने पाहण्यातूनच आले. फरक एवढाच की एकाला माणसाकडून जास्त काम हवे होते आणि दुसऱ्याला माणूस वाचवायचा होता. आजकाल कारखान्यांत कामगाराची प्रत्येक हालचाल कॅमेरा टिपतो. ते कोणत्या प्रकारचे पाहणे आहे, हे तेथे काम करणाऱ्या आपल्या तरुणांनीच सांगावे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले त्यात हीच भीती व्यक्त केली होती : यंत्र माणसाचे सोबती असते, पण ते त्याचे जवळजवळ वैरीही होऊ शकते.

त्याच १९८१ साली अनिल राजवंशी अमेरिकेतून फलटणला आले. तांबमाळावरच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे आपण ज्याला 'नारी' म्हणतो तेथे, त्यांनी काम सुरू केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संस्थेचे कंदील आणि स्वयंपाकाच्या शेगड्या पुष्कळांना माहीत आहेत. आम्हाला येथे सायकल रिक्षा आठवते. आपल्याकडे ती फारशी नाही, पण राजवंशी मूळचे लखनौचे आणि तिकडे ती रोजची. तेथे माणूस माणसांना ओढत होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या रिक्षेत कोणी काही बदलले नव्हते. गिअर नाही, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, चढ आला की उतरून ओढायचे. 'नारी'ने १९९०च्या दशकात तीन गिअरची, मागच्या चाकांना ब्रेक असलेली, लांबीला कमी अशी रिक्षा केली. दोन प्रवासी घेऊन चालकाला सीटवरून न उतरता चढ चढता यावा, हा त्यामागचा हेतू. पुढे बॅटरीवर चालणारीही केली. माणसाने माणसाला ओढणे हेच मुळात बंद करावे, ते सुखकर कशाला करता, असे काही जण म्हणत. आम्हाला हा आक्षेप हलका वाटत नाही. पण रिक्षा बंद होईपर्यंत ती ओढणाऱ्याच्या गुडघ्यांचे काय, हा प्रश्न आम्हाला त्याहून जवळचा वाटतो.

'नारी' १९६८ मध्ये स्थापन करणारे बनबिहारी निंबकर हे कमलाबाई निंबकरांचे चिरंजीव. आपल्या गावातील कमला निंबकर बालभवन या शाळेला ज्यांचे नाव आहे त्याच या कमलाबाई. जन्माने अमेरिकन, क्वेकर घराण्यातील. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराची पहिली शाळा काढली. अपघाताने किंवा आजाराने अधू झालेल्या माणसाला पुन्हा हाताने काम करता यावे, यासाठीचे हे शिक्षण. त्यात एक साधी रीत आहे. रुग्णाला चमचा धरता येत नसेल तर त्याला घट्ट धर म्हणून सांगत बसायचे नाही, चमच्याची दांडी जाड करायची. गावातल्या शाळेवर त्यांचे नाव आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो, पण त्यांचे काम काय होते हे या अपघातानंतरच विचारले.

परवा मिस्सानंतर आम्ही पुन्हा त्या भगिनीकडे गेलो. आमच्यातील प्रेसवाले बंधू वायर आणि नवे बटण घेऊन आले होते. यंत्राशेजारी, डाव्या हाताला सहज लागेल असे त्यांनी ते बसवले आणि दिवा यंत्राच्या डोक्यावर घेतला. झाकण गावातल्या वेल्डरकडून करून आणले आहे. त्याने वैरण थोडी सावकाश जाते आणि तिच्या सासऱ्यांची त्यावर कुरकुर आहे.

ती अंगणात बसून घास कापत होती. विळा उजव्या हातातच होता. तीन बोटांत तो ठरत नव्हता, म्हणून तिने मुठीवर जुने लुगडे गुंडाळले होते आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला होता. "कुणी शिकवलं?" असे आम्ही विचारले. "कोण शिकवणार?" ती म्हणाली. "हाताला काय होतंय ते हातालाच कळतंय की."

आम्ही विळा हातात घेऊन पाहिला. आमच्या धडधाकट हातातही तो आमच्या घरच्या विळ्यापेक्षा बरा बसला.