आपट्याचं सोनं

चि. छकुलीस,


तुझा निरोप मामीच्या फोनवर आला. ताईच्या लग्नाला ॲमस्टरडॅमहून येतेस, तिकिटासोबत विमानाच्या धुराची भरपाईही विकत घेतलीस, आणि पाहुण्यांना टोपी-टॉवेलाऐवजी ज्याच्या-त्याच्या नावाचं कार्बन प्रमाणपत्र द्यायचं म्हणतेस. फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

टोपी-टॉवेल बंद करू, त्यात वाद नाही. कपाटात तसले तीसेक टॉवेल पडलेत. अंग पुसलं की पाणी नुसतं इकडचं तिकडं होतं. पण प्रमाणपत्र नको. दसऱ्याला आपण आपट्याचं पान देतो, त्याला सोनं म्हणतो, पण ते घेऊन कुणी सराफाकडे जात नाही. तुझ्या कागदाच्या भरवशावर मात्र लोक पुढचं विमान पकडतात.

तुझ्या जाण्यायेण्याचा धूर माणशी टनाच्या आसपास. वाढलेलं झाड वर्षाला वीस किलो ओढतं असं धरलं, तर एका झाडाला तो फेडायला पन्नास वर्षं लागतील. तीही झाड जगलं तर. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदेंच्या सह्याद्री देवराईची झाडं आहेत; फेब्रुवारी 2020 मध्ये तिथं वृक्षसंमेलन भरलं, वडाचं झाड अध्यक्ष. पुढं त्याच डोंगराला वणवा लागला. माणसं जीव लावून जपतात तिथं ही गत!

कागद झाडांऐवजी पवनचक्कीचा असेल तर आणखी बघ. बालाघाटावरच्या पवनचक्क्या वीज विकून चालतात. तुझे पाचशे रुपये आले नसते तर पाती थांबली असती का? म्हणूनच व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या प्रमाणपत्रं देणाऱ्या मोठ्या संस्थांनी 2019 नंतर आपल्यासारख्या देशांतले ग्रिडला जोडलेले असले नवे प्रकल्प घेणं जवळजवळ सोडलं. 2023 च्या जानेवारीत गार्डियन वृत्तपत्राने व्हेराच्या जंगलांच्या कार्बन क्रेडिटवरही बोट ठेवलं. व्हेराने ते नाकारलं. विकणाऱ्याला तू एवढंच विचार, की माझे पैसे नसते तर काय झालं नसतं?

या धंद्याचं इथलं टोक मी पाहिलंय. मागल्या साली कार्बन क्रेडिटचा एक एजंट बांधावर आला. आंब्याच्या बुंध्याला टेप लावला, मोबाईलवर फोटो काढले, इंग्रजी कागदावर माझी सही घेतली. झाड किती वर्षं तोडायचं नाही, ते कागदात कुठं लिहिलंय, हे मला नंतर शेजारच्या पोरानं वाचून सांगितलं. पैसे आजपर्यंत आले नाहीत. त्याच आंब्याचा कागद कुणी तिकडं आहेर म्हणून वाटला असेल, काय सांगावं!

मग काय करायचं? विमान चुकत नसेल तर एकदाच ये आणि महिनाभर राहा. दिवाळीची वेगळी फेरी मारू नकोस. तीन दिवसांसाठी एवढा धूर, हे मला पटत नाही.

आहेर द्यायचाच असेल तर पाण्याचा दे. आपल्याकडं झाड लावायला पावसाळ्यात शंभर हात येतात, फोटोलाही येतात. दिवाळी झाली की वस्तीवरची निम्मी घरं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि मार्चात रोपाला कळशीभर पाणी घालायला म्हातारी तेवढी उरते. शाळेमागच्या पडीक जागेवर तीस रोपं लावू. जास्त नकोत. सीताफळ निम्मी, कारण त्याच्या पानाला शेळी तोंड लावत नाही. बाकी कडुलिंब आणि चिंच. तीन उन्हाळे पाणी आणि राखण, एवढी मजुरी तू एकदम देऊ नकोस, दर महिन्याला पाठव. तीन वर्षांनी किती जगली ते मोजून मीच कळवीन, मेली तीही कळवीन. त्यानं तुझ्या विमानाचा धूर फिटला असं मात्र कुणाला सांगू नकोस.

आता बीडला रेल्वे आली आहे. मुंबईहून नगरपर्यंत रेल्वेनंच ये, पुढची वेळ विचारून ठेवतो. बीडच्या स्टेशनवर मी असेन. बॅगा कमी आण, मोटारसायकलच आहे.

तुझा,
मामा