सोनेरी अक्षरांतले नाव



देवाच्या कामावर माणसाने आपले नाव लिहावे का? चर्चला पंखा, बाक किंवा घंटा द्यायची वेळ आली की हा प्रश्न घराघरात निघतो. कोणी म्हणते, नाव असावे, निदान मुलाबाळांना कळेल. कोणी म्हणते, नाव आले की पुण्य गेले. दोन्ही बाजूंना बायबलमधील वचने सापडतात आणि वाद तसाच राहतो. आज आपण या प्रश्नाकडे सातशे वर्षांपूर्वीच्या एका गायनग्रंथाच्या साहाय्याने पाहू या.

उत्तर जर्मनीत ओस्नाब्रुक शहराजवळ रुल्ले नावाचे गाव आहे. मध्ययुगात तेथे सिस्टर्शियन धर्मभगिनींचा मठ होता. १३०० च्या सुमारास त्या मठात मिस्सागीतांचा एक हस्तलिखित ग्रंथ तयार झाला. नाताळ, ईस्टर आणि वर्षभरातील इतर सणांच्या मिस्सांत गायनवृंदाने गायची लॅटिन गीते त्यात स्वरांसह लिहिलेली आहेत. प्रवेशगीत, आलेलुया, अर्पणाचे गीत, ख्रिस्तप्रसादाचे गीत, असा त्याचा क्रम. हा ग्रंथ आज ओस्नाब्रुक धर्मप्रांताच्या अभिलेखागारात जतन केलेला असून 'कोडेक्स गिस्ले' या नावाने ओळखला जातो.

युरोपात त्या काळी छपाई नव्हती. पाने जनावरांच्या कातड्याची असत. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, चौकटीवर ताणायचे, खरवडून गुळगुळीत करायचे. मग रेषा आखायच्या, पिसाच्या लेखणीने अक्षरे लिहायची, त्यांच्यावर स्वरचिन्हे मांडायची. ज्या अक्षराला सोने लावायचे, त्यावर वर्ख बसवून घोटायचे. या ग्रंथाला दीडशेहून अधिक पाने आहेत आणि पन्नासहून अधिक आद्याक्षरांच्या पोटात प्रभूच्या व संतांच्या जीवनातील प्रसंग रंगवलेले आहेत. घाईने होणारे हे काम नव्हे. ज्या गीताला गायला काही मिनिटे लागतात, ते लिहायला आणि सजवायला कित्येक दिवस लागले असतील.

याच ग्रंथात एक लॅटिन नोंद आहे. तिचा आशय असा: हा उत्तम ग्रंथ गिझेला फॉन केर्सेनब्रोक या आदरणीय व भक्तिमान कुमारीने लिहिला, रंगवला, त्यात स्वर मांडले, पृष्ठांक घातले, सोनेरी अक्षरांनी व सुंदर चित्रांनी तो सजवला, आणि हे सर्व तिने आपल्या स्मरणार्थ केले. पुढे १३०० हे साल आहे आणि तिच्या आत्म्याला शांती लाभावी अशी प्रार्थना आहे.

'आपल्या स्मरणार्थ' हे शब्द वाचून आम्ही थबकलो. सिस्टर्शियन संघ साधेपणासाठी प्रसिद्ध. बाराव्या शतकात या संघाने असाही नियम केला होता की ग्रंथातील अक्षरे एकाच रंगाची असावीत आणि त्यांत चित्रे नसावीत. तो सर्वत्र पाळला गेला नाही, हे खरे. तरीही त्या परंपरेतील एक धर्मभगिनी सोन्याने अक्षरे मढवते आणि स्वतःची आठवण राहावी अशी इच्छा धरते! हा अहंकार नव्हे काय?

या ठिकाणी १२७४ साली निवर्तलेले संत थॉमस अक्वायनस आपल्या मदतीला येतात. चांगल्या कामाची ओळख व्हावी असे वाटणे हे मुळात पाप नाही, असे ते शिकवतात. मान तीन प्रकारे पोकळ होतो. ज्या गोष्टीसाठी मान मागितला ती आपल्याजवळ नसेल किंवा मानाच्या योग्यतेची नसेल, तर. ज्यांच्याकडून मागितला त्यांच्या मताचा भरवसा नसेल, तर. आणि त्या मानाचा रोख देवाच्या गौरवाकडे किंवा शेजाऱ्याच्या कल्याणाकडे नसेल, तर. म्हणजे नाव लिहिले की नाही यापेक्षा ते कशासाठी, कोणाकडे आणि कोठे नेण्यासाठी लिहिले हे विचारायला हवे.

आता ही कसोटी गिझेलाला लावून पाहू. नाताळच्या आणि ईस्टरच्या चित्रांत एका धर्मभगिनीच्या आकृतीजवळ 'गिस्ले' असे नाव लिहिलेले आहे. या आकृती लहान आहेत. नाताळच्या पानावर ती इतर भगिनींसोबत गायनवृंदात आहे. पानावरचे मोठे स्थान प्रभूच्या जन्माला आहे. जणू ती म्हणते, 'मला विसरू नका. पण मला शोधायचे असेल तर गाणाऱ्यांमध्ये शोधा.' तिचे नाव दिसते ते मिस्सा गाणाऱ्या भगिनींना, आणि मृतासाठी प्रार्थना करणे हे त्यांचे रोजचेच काम होते. तेव्हा हे स्मरण मागणे म्हणजे प्रार्थना मागणेच ठरते. आपणही मिस्सा लावतो तेव्हा आईबापांचे नाव वेदीजवळून उच्चारले जावे म्हणूनच ना?

पण येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ती नोंद दुसऱ्या कोणीतरी नंतर लिहिली असली पाहिजे, कारण स्वतःच्या आत्म्याच्या शांतीची नोंद कोणी स्वतः करीत नाही. ग्रंथातील किती भाग गिझेलाच्या हातचा, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. आणि काही झाले तरी कातडी कमावणारा, वर्ख ठोकणारा आणि तिच्या वाट्याची इतर कामे उरकणाऱ्या भगिनी यांच्याविषयी ती नोंद काहीच सांगत नाही. एक नाव सोन्यात उरते तेव्हा त्याच्या सावलीत किती नावे जातात! नम्रतेचा प्रश्न येथे न्यायाचा प्रश्न होतो.

हे आम्हांला कसे सुचले तेही सांगितले पाहिजे. काही काळापूर्वी एक तरुण आमच्याकडे आला. त्याचे वडील सुतार होते, नुकतेच वारले होते. तो म्हणाला, "फादर, ही पुढची बाकं बाबांनीच नीट केली होती. एकावर त्यांचं नाव लावता येईल का?" आम्ही त्याला उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, हे प्रभूचे वचन समजावून सांगितले. तो "बरं, फादर" म्हणून गेला. त्याच संध्याकाळी चर्च बंद करताना प्रवेशद्वाराजवळच्या संगमरवरी पाटीकडे आमचे लक्ष गेले. नूतनीकरणाची तारीख, महागुरुस्वामींचे नाव आणि त्याखाली आमचे नाव. सोनेरी अक्षरांत. ज्याने रंधा मारला त्याचे नाव कोठेच नव्हते. संत थॉमस यांच्या पहिल्याच कसोटीवर आम्ही नापास झालो होतो, आणि नम्रतेचा धडा मात्र दुसऱ्याला देऊन बसलो होतो.

प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणारी स्त्री आठवा. जगात जेथे जेथे शुभवर्तमान सांगितले जाईल तेथे तिचे हे कृत्य तिच्या स्मरणार्थ सांगितले जाईल, असे प्रभू म्हणाला. तरी मत्तय आणि मार्क तिचे नाव देत नाहीत. बेथानीतील तशाच प्रसंगात योहान मात्र तिला मरिया म्हणतो. म्हणजे शुभवर्तमानात नाव सांगणेही आहे आणि न सांगणेही आहे. तिचे कृत्य मात्र कोणी विसरलेले नाही.

म्हणून आम्हांला वाटते, स्वतःचे नाव पुढे करताना माणसाने कचरावे. पण दुसऱ्याचे नाव घेताना कंजूषी करू नये. नम्रता ही आपण स्वतःकडून मागायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या गळ्यात ती बांधली की तिचा अन्याय होतो. रुल्लेच्या त्या अनामिक हाताने हेच केले. स्वतःचे नाव न लिहिता त्याने गिझेलाचे लिहिले, आणि तिच्यासाठी प्रार्थना मागितली.

आम्ही त्या तरुणाच्या घरी जाऊन आलो. येत्या रविवारी सकाळच्या मिस्सेत त्याच्या वडिलांचे नाव घेतले जाईल. आपल्या चर्चसाठी राबलेल्या गवंडी, सुतार, माळी, झाडू मारणाऱ्या आणि कॉयरमध्ये गायलेल्या मृत व्यक्तींची नावे आपल्याला ठाऊक असतील, तर ती वेदीजवळच्या वहीत लिहावीत, ही विनंती. लिहिणाऱ्याने आपले नाव खाली घालण्याची गरज नाही.