घासून काय मिळते?

धातू घासल्यावर त्याचा आरसा होतो. ती चकाकी घासण्याने निर्माण झाली, की आधीपासून होतीच? ब्रह्मसूत्रभाष्यात (१.१.४) शंकराचार्यांनी पूर्वपक्षाच्या, म्हणजे खंडनासाठी मांडलेल्या विरोधी मताच्या, तोंडी हाच दृष्टान्त घातला आहे: घासल्याने आरशाचे तेज प्रकट होते, तसा कर्माच्या संस्काराने आत्म्याचा मोक्ष प्रकट व्हावा. आचार्य ते नाकारतात. धातूविषयी आज जे कळले आहे, त्या कसोटीवर हा नकार टिकतो का?

वरवर पाहता पूर्वपक्षच जिंकतो. प्रकाश परतवण्याचा गुण धातूतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांचा आहे आणि तो खडबडीत तुकड्यातही असतो. उंचवट्यांमुळे किरण फक्त विखुरतात. आधी एमरी पेपर, मग बारीक होत जाणारी डायमंड पेस्ट, असा प्रत्येक टप्पा आधीचे ओरखडे काढतो आणि त्याहून बारीक ओरखडे ठेवतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. उरलेले उंचवटे तिच्या मानाने अगदी लहान झाले, की प्रतिबिंब स्पष्ट दिसते. म्हणजे घासण्याने काही मिळवलेले नसते, नको ते काढलेले असते. पण एवढ्यावर थांबता येत नाही. घासताना पृष्ठभागालगतच्या थरातली स्फटिकरचना विस्कटते. धातू झिजतो, तापतो, बदलतो. केरळातल्या आरन्मुळ्याचा आरसा तांबे आणि भरपूर कथिल यांच्या मिश्रधातूचा असतो. तोही जपावा लागतो, नाहीतर हवेने आणि हाताच्या घामाने काळवंडतो. ज्यावर क्रिया घडते ते बदलते, आणि क्रियेचे फळ टिकत नाही. आचार्यांचा आक्षेप नेमका हाच आहे: आत्म्यावर क्रिया घडली तर तो विकारी ठरेल, आणि असा मोक्ष अनित्य होईल.

मग जप, पारायण, वारी हे सारे व्यर्थ का? मुळीच नाही. कर्माने चित्त शुद्ध होते, हे आचार्यांनाही मान्य आहे. घासायचा आरसा आत्मा नव्हे, चित्त आहे. चित्त बदलते, मळते, म्हणून त्याला रोजची घासणी हवी. कोणी म्हणेल, पुन्हा मळणारच असेल तर घासायचे कशाला? कारण आचार्यांच्या मते मोक्ष ज्ञानाने मिळतो, आणि ते ज्ञान या चित्तातच व्हायचे आहे. साधना सोडू नये, आणि साधनेने मोक्ष घडवला असा अभिमानही धरू नये.