रमाबाईंची न घडलेली वारी

सद्गुरूंच्या चरणी मस्तक ठेवून आणि ज्ञानोबा-तुकोबांचे स्मरण करून या मासी भाविक वाचकांपुढे एक प्रश्न ठेवावयाचा आहे. हा प्रश्न घनसावंगीच्या एका माउलीने आम्हांस विचारला. त्याचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

घनसावंगी तालुक्याची भूमी पुण्याईची. दक्षिणेस गोदामाई वाहते. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच तालुक्यात. वरच्या अंगाला गोदेच्याच काठी नाथमहाराजांचे पैठण. अशा भागात सप्ताहाला काय तोटा? एका सप्ताहात आमचे कीर्तन झाले. आरती झाली, पंगती बसल्या. तेवढ्यात ती माउली जवळ आली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळ मोकळे. कर्जापायी धन्याने स्वतःचा जीव घेतलेला, पदरी दोन लेकरे. त्या दिवशी आम्ही कीर्तनात प्रारब्धावर पुष्कळ बोललो होतो. जे वाट्याला येईल ते देवाचा प्रसाद मानून सोसावे, असे दृष्टान्त देऊन सांगितले होते. ती म्हणाली, “महाराज, मालक गेले ते मव्हं प्रारब्ध. सोसलं मी. पण मालकाच्या वाट्याचं रान दिरानं दाबलं, सात-बाऱ्याला मव्हं नाव लागू देईना. हे बी प्रारब्धच का?”

अहो, साठी उलटलेली, पाठशाळेत कौमुदी घोकलेली, ज्ञानेश्वरीची पारायणे किती झाली त्याची मोजदाद नाही, आणि एका अडाणी म्हणविणाऱ्या बाईच्या प्रश्नापुढे आमची वाचा बसली! “नाम घे, बाई,” एवढेच आम्ही बोललो. ती पाया पडली आणि गेली. त्या रात्री झोप लागली नाही.

मुक्कामाच्या घरी एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या कपाटात धनंजय कीर यांनी लिहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र होते. खरे सांगायचे तर असले ग्रंथ आमच्या परंपरेतले नव्हेत, अशी आमची जन्मभराची समजूत. पण झोप नव्हती, म्हणून उघडले, आणि उजाडेपर्यंत खाली ठेवले नाही. त्या ग्रंथात एका वारीची हकीकत आहे, ती आमच्या वारकरी बांधवांनी ऐकलीच पाहिजे.

रमाबाई ही बाबासाहेबांची धर्मपत्नी, माहेर दापोलीजवळचे वणंद. लहानपणीच लग्न झाले. पती परदेशी शिकत असता तिने दारिद्र्यात घर रेटले. पाच लेकरे झाली, त्यांपैकी चार गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. आई-बापांच्या त्या शोकाचे वर्णन करण्याची आमची शक्ती नाही. अशा या देवभोळ्या बाईच्या मनात एकच इच्छा होती, पंढरीस जावे आणि विठोबाचे दर्शन घ्यावे. केवढीशी ही इच्छा! आपल्याकडे दर वर्षी लाखो बाया-माणसे ती पुरी करून येतात. परंतु तिला तसे करता येत नव्हते. कारण पंढरीत तिच्या जातीच्या माणसाला मंदिराच्या दाराच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी तिची समजूत घातली. जी पंढरी भक्ताला देवापासून दूर ठेवते तिचे काय घेऊन बसलीस, आपण आपल्या सदाचाराने आणि दीनांच्या सेवेने दुसरी पंढरी उभी करू, अशा आशयाचे ते बोलले, असे चरित्रकार सांगतात. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाईंनी देह ठेवला. वारी राहिली ती राहिलीच.

आता सज्जन हो, नीट लक्ष द्या. चार लेकरांचा मृत्यू आणि मंदिराचे बंद दार ही दोन्ही दुःखे एकाच बाईने सोसली. पण ती दोन्ही एकाच जातीची दुःखे आहेत काय?

इथे शास्त्र काय म्हणते ते पाहू. कुरुक्षेत्रावर अर्जुनापुढेही दोन गोष्टी एकदम आल्या. आप्तांच्या मरणाचा शोक ही एक, आणि भर सभेत झालेला, द्रौपदीच्या वस्त्राला हात घालणारा अन्याय ही दुसरी. त्याने दोन्हींची गाठ मारली आणि धनुष्य खाली ठेवले. भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात ती गाठ सोडविली. जन्मास आलेल्याला मृत्यू आहेच, यासाठी त्यांनी शब्द योजिला तो ‘अपरिहार्य’. ज्याला परिहार नाही, उपाय नाही, त्याचा शोक करीत बसू नये. पण अधर्मासाठी त्यांनी हा शब्द वापरला नाही, बरं का! अधर्मापुढे ऊठ, उभा राहा, असेच त्यांचे सांगणे आहे. मृत्यू अपरिहार्य आहे, अन्याय परिहार्य आहे. माणसाने केलेले माणसाला मोडता येते. आम्ही कीर्तनकारांनी मात्र पुष्कळदा ही दोन्ही दुःखे एकाच प्रारब्धाच्या पोत्यात भरून श्रोत्यांच्या डोक्यावर दिली. देव जे करतो ते आणि माणूस जे करतो ते, यांचा निवाडा केला नाही. हा आमचा अपराध आहे, आणि तो आम्ही येथे कबूल करतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, अन्यायाशी झगडलेल्या आणि घरचे दुःख सोसलेल्या माणसांची चरित्रे वारकऱ्याने वाचावीत. त्यांत हा निवाडा जगून दाखविलेला असतो. बाबासाहेबांनी पुत्रशोक गिळला, त्यासाठी कोणाशी भांडले नाहीत. पण राजरत्न गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह मांडला. सोसावयाचे ते सोसले, मोडावयाचे ते मोडावयास उठले. पुढे १९४० साली लिहिलेल्या पाकिस्तानविषयीच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस वाहिली आणि तिच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, तिचे शील व आपल्याबरोबर शांतपणे सोसण्याची तिची तयारी यांचा कृतज्ञतेने उल्लेख केला. राजकारणाच्या ग्रंथाच्या दाराशी त्यांनी एका न झालेल्या वारकरीणीला मानाने बसविले.

कोणी म्हणेल, “बुवा, त्यांनी आपला धर्म सोडला. १९३५ सालीच येवल्यास तसे जाहीर केले आणि १९५६ साली नागपुरास बुद्धाला शरण गेले. त्यांचे चरित्र आपण कशासाठी वाचावयाचे?” प्रश्न रास्त आहे. पण घरातून कर्ता मुलगा उठून गेला तर शहाणा बाप आधी आपल्या घराकडे पाहतो. ज्या घरात वडील रामजी सुभेदार कबीराची भजने आणि संतांचे अभंग मुलांकडून म्हणवून घेत, त्या घरातला हा मुलगा. १९२० साली त्यांनी ‘मूकनायक’ काढले, त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले, त्यावर माउलींच्या ओव्या, आणि त्याही अर्जुनाला युद्धास उठविणाऱ्या! १९४८ साली अस्पृश्यतेच्या मूळाविषयी ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि आपले चोखोबा यांना अर्पण केला. त्यांना परत आपल्यात ओढून आणण्याचा हा खटाटोप नव्हे. तो अधिकार आम्हांला नाही. सांगणे एवढेच की, आमच्याच माउलींची ओवी वाचून त्यांना जे समजले ते आम्हां पारायण करणाऱ्यांना समजले नाही.

दुसरे चरित्र साने गुरुजींचे. गुरुजींची आई १९१७ साली गेली, आणि तिच्या अखेरच्या क्षणी ते जवळ नव्हते. तो सल त्यांनी उरात जपला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली ती त्याच सलातून. घरोघरी हे पुस्तक वाचून आपण डोळे पुसतो. पण त्या आईने शिकविलेल्या मायेचे पुढे काय झाले, ते विसरतो. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. तो मठ वारकऱ्यांचा, हे आपल्या संप्रदायाने अभिमानाने सांगावे. आणि दार अडवून धरणारेही माळ घातलेलेच होते, हे मान खाली घालून सांगावे. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर उघडण्यास संमती मिळाली आणि उपोषण सुटले.

आता हिशेब करा. रमाबाई गेल्या मे १९३५ मध्ये. दार उघडले मे १९४७ मध्ये. मध्ये बारा वर्षे, म्हणजे बरोबर एक तप. विठोबा तर अठ्ठावीस युगे विटेवर उभाच आहे. त्याला कोणती घाई? उशीर आम्ही केला. त्या एका तपाच्या उशिराने एका बाईची वारी बुडाली. अशा किती बुडाल्या असतील, त्यांची नोंद कोणत्याही दिंडीच्या वहीत नाही.

हे नवे आहे असे कोणी समजू नये. आमच्या संतांचे ग्रंथही याच मुशीतून निघालेले आहेत. माउलींच्या आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. पोरकी भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणास आली, आणि त्याच ज्ञानदेवांनी नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला. ते दुःख त्यांनी विठ्ठलाजवळ सांगितले. पण वह्या इंद्रायणीत बुडविण्याची पाळी आली तेव्हा ते प्रारब्ध म्हणून घरी गेले नाहीत. काठावर धरणे धरून बसले. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली. जिवंतपणी जेथवर येऊ दिले तेथवरच! दर वारीला आपण तेथे माथा टेकतो. पण तो दगड तेथेच का आहे, आत का नाही, हे कितीजणांनी स्वतःस विचारले?

आमचेही सांगतो. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून या मुलखात दलितांच्या वस्त्या जळाल्या. तेव्हा आम्ही पाठशाळेत शिकत होतो. टाळ हातात होते, तोंड मिटलेले होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, तेव्हाही आम्ही त्यावर एक कीर्तन केले नाही. श्रोते नाराज होतील, बिदागी तुटेल, ही भीती. भीतीला आम्ही वैराग्य असे नाव दिले होते, दुसरे काय!

असो. त्या माउलीकडे परत येऊ. सकाळी आम्ही गुरुजींना घेऊन तिच्या घरी गेलो आणि रात्रीचे उत्तर परत घेतले. सांगितले, “बाई, मालक गेले ते सोस. रान सोसू नकोस. ते देवाने नेलेले नाही.” गुरुजींनी समजावले की, नवऱ्याच्या मागे त्याच्या वाट्यात बायको-लेकरांचा वारसा आहे, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा ही पहिल्या प्रतीच्या वारसांत धरली आहे. या सुधारणांच्या मूळच्या हिंदू कोड बिलासाठी कोण झगडले? तेच बाबासाहेब. ते बिल रखडले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि ज्या कारणांनी ते सोडले त्यांत हे एक मोठे कारण होते. ज्याच्या बायकोला आम्ही दाराबाहेर ठेवले, त्याने आमच्या लेकी-सुनांसाठी दार उघडण्यास जन्म वेचला. ऐकून ती माउली किती वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या बाईचं पुस्तक मला वाचून दावा.”

तिचा वारस नोंदीचा अर्ज तहसिलीत पडला आहे. निकाल अजून नाही. दीर बोलत नाही, भावकी नाक मुरडते. पण सुनावणीच्या दिवशी गावच्या भजनी मंडळातले चारजण तिच्याबरोबर बाकावर बसतात. आम्हीही एकदा बसलो. त्या दिवशीचे कीर्तन तेच, असे आम्ही मानतो.

तात्पर्य, भाविकांनो, सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण चालते ते चालू द्या. दुपारी एक तास अशा चरित्रांच्या वाचनास द्या. वाचताना डोळे ओले झाले म्हणजे वाचन पुरे झाले, असे मानू नका. पुस्तक मिटल्यावर आपल्या गावात कोणाचे रान दाबले आहे, कोणाला पंगतीत कडेला बसविले आहे, ते पाहा. आपले दुःख विठोबाजवळ सांगा. दुसऱ्याचा अन्याय मात्र त्याच्यावर ढकलू नका.

आणि येत्या आषाढीस महाद्वारी चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकाल, तेव्हा वणंदच्या त्या लेकीचेही नाव घ्या. तिचे दर्शन राहिले आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! रामकृष्णहरी.