सव्यसाचीचा डावा हात

महाभारताच्या विराटपर्वात अर्जुन विराटपुत्र उत्तराला आपली दहा नावे उलगडून सांगतो, त्यांपैकी ‘सव्यसाची’ हे नाव त्याच्या डाव्या हाताच्या कौशल्यावरून पडले आहे. सव्य म्हणजे डावा, आणि उजव्याइतक्याच सफाईने डाव्या हातानेही गांडीव ओढू शकणारा तो सव्यसाची. गीतेच्या अकराव्या अध्यायातील 33व्या श्लोकात श्रीकृष्ण त्याला नेमक्या याच नावाने हाक मारतो, आणि त्याच दमात त्याने केवळ निमित्त व्हावे असे सांगतो. निमित्त म्हणजे निव्वळ सबब नव्हे. भारतीय तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मडक्याची माती हे उपादान आणि कुंभार, त्याचे चाक व दांडा ही निमित्तकारणे होत. ज्याचे सामर्थ्य दुप्पट, त्याच्याच कर्तेपणाचा अभिमान येथे काढून घेतला जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या विसंगतीचे उत्तर शस्त्र धरण्याच्या रीतीतच सापडते. दांडपट्ट्याची मूठ लोखंडी खोबळ्यात असते आणि तो कोपरापर्यंतचा हात झाकतो, त्यामुळे मनगट वळत नाही व वार खांद्यातून, किंबहुना सगळ्या अंगातून काढावा लागतो. असे शस्त्र दोन्ही हातांत चढवले की ढाल धरायला हात उरत नाही. संघाने खेळायच्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्येही हाच हिशेब दिसतो: 2009च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’ मध्ये दोन्ही हातांत पिस्तुले घेतली की गोळ्यांचा मारा वाढतो, पण डोळा लावून नेम धरता येत नाही, आणि मग स्वतःचा बचाव सोबत्यांवर सोपवावा लागतो. खेळ झाला तरी त्यातील तत्त्व हलके नाही. 1660च्या जुलैमध्ये घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू देशपांडे चित्रांत आणि पुतळ्यांत बहुधा दोन्ही हातांत शस्त्र घेऊन दिसतात. शिवाजी महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत खिंड अडवायची होती, स्वतः वाचायचे हा हेतूच त्यात नव्हता. म्हणून दुसऱ्या हातातील शस्त्र ही बळाची वाढ नसून स्वसंरक्षणाचा त्याग आहे, असेच म्हणावे लागते. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्या निष्काम कर्माचा पुरस्कार केला, त्याचे याहून उघड रूप क्वचितच आढळेल.

देवाला मात्र हा पेच पडत नाही, कारण चतुर्भुज गणेश दोन हातांत पाश आणि अंकुश, म्हणजे ओढून घेणारा फास आणि आवरणारी टोचणी, धरूनही अभय द्यायला एक हात मोकळा ठेवतो. कोकण किनाऱ्यावरील गणपतीपुळ्यात तर हा विचार आणखी खोल जातो. तेथील देव स्वयंभू, म्हणजे घडवलेला नसून आपोआप प्रकटलेला मानला जातो, डोंगरच त्याचे रूप समजला जातो, आणि या रूपाला शस्त्र पेलणारे हातच नाहीत. भक्त सुमारे एक किलोमीटरची डोंगराची प्रदक्षिणा अनवाणी घालतात, समुद्राचा वारा अंगावर घेत पुन्हा पश्चिमेकडे तोंड असलेल्या देवळासमोर येतात, आणि तेव्हा त्यांचे दोन्ही हात रिकामे असतात, म्हणूनच ते जोडता येतात.