अतिवास्तववादी चित्र कसे पाहावे

अतिवास्तववाद ही मुळात कवींची चळवळ. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच कवीने १९२४ मध्ये पॅरिसमध्ये पहिला जाहीरनामा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात चित्रकारांची नावे तळटीपेत आली होती. सगळा भर लेखनावर होता : विवेकाचा पहारा उठवायचा, नीतीची किंवा सौंदर्याची चाड न बाळगता मनात येईल ते जसेच्या तसे कागदावर उतरवायचे. ब्रेतों वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि पहिल्या महायुद्धात त्याने मानसिक आघात झालेल्या सैनिकांमध्ये काम केले होते. फ्रॉइडचा स्वप्नविचार त्याला तिथेच उपयोगी वाटला. युद्धाने आणखी एक गोष्ट केली होती. विज्ञान आणि व्यवहार यांचा अभिमान मिरवणाऱ्या युरोपने खंदकांमध्ये लाखो तरुण मारले होते, त्यामुळे तर्कशुद्ध विचाराला लोक बिचकू लागले होते. १९१६ मध्ये झुरिकला सुरू झालेल्या दादा चळवळीने या तर्काची टिंगल केली. टिंगलीवर फार काळ निभत नाही. अतिवास्तववाद्यांना तिच्या जागी काहीतरी उभे करायचे होते, आणि ते त्यांनी स्वप्नात शोधले.

न ठरवता लिहिण्याची ही रीत चित्रात आणायची कशी? आंद्रे मासोंने पेन कागदावर मोकळे सोडले आणि रेषांच्या गुंत्यातून आकार दिसू लागले की ते पकडले. माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एका हॉटेलात जुन्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून त्यावर काळी शिसपेन्सिल घासली. फळीचे रेषे, गाठी, भेगा कागदावर उमटल्या, आणि त्यांत त्याला जंगले, पक्षी, श्वापदे दिसली. या पद्धतीला फ्रोटाज म्हणतात. कागदाच्या घडीखाली आधीचे चित्र झाकून एकाच देहाचे तुकडे तिघाचौघांनी काढायचे, हा खेळही याच मंडळींचा. या सगळ्यात हाताला मोकळीक असली, तरी उमटलेल्या शंभर डागांतला कोणता ठेवायचा हे चित्रकारच ठरवत असे. ही निवड पुस्तकांमध्ये पुरेशी सांगितली जात नाही.

दुसरी वाट अधिक परिचित आहे, कारण कॅलेंडरपासून जाहिरातीपर्यंत तिचीच नक्कल होते. साल्वादोर दालीचे वितळणाऱ्या घड्याळांचे १९३१ मधले चित्र जगभर माहीत आहे. प्रत्यक्षात ते जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचे, वहीच्या पानाएवढे आहे. त्यातले कडे दालीच्या कातालोनियातल्या किनाऱ्याचे आहेत, बंद घड्याळावरच्या मुंग्या एकेक मोजता येतील इतक्या नेटक्या आहेत. रने माग्रितच्या १९३८ मधल्या एका चित्रात बैठकीच्या खोलीतली शेकोटी आहे. वर संगमरवरी फळीवर घड्याळ, दोन मेणबत्तीदाण्या, मागे आरसा. शेकोटीतून आगगाडीचे इंजिन बाहेर येत आहे. इंजिन हवेत तरंगते, पण त्याचा धूर मात्र रीतसर वर धुराड्यात जातो. चित्राची सगळी ताकद या धुरात आहे. धूर कुठेही पसरला असता तर ते नुसते चमत्कारिक चित्र झाले असते. तो धुराड्यात गेल्यामुळे पाहणाऱ्याला क्षणभर वाटते की इंजिनाची जागा तीच असावी.

अतिवास्तववाद म्हणजे काहीतरी विचित्र काढणे, हा समज इथेच मोडतो. ओळखीची वस्तू अचूक नसेल तर तिची अनोळखी जागा धक्का देत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांसाठी घासूनपुसून केलेला वस्तुचित्राचा सराव या शैलीत वाया जात नाही, उलट तोच तिचे भांडवल ठरतो. मात्र अचूकपणाचा धोकाही आहे. १९३८ मध्ये लंडनला दाली फ्रॉइडला भेटला. जुन्या चित्रांत आपण अबोध मन शोधतो, तुमच्या चित्रांत मात्र जाणीवपूर्वक केलेले काय आहे ते शोधावेसे वाटते, अशा आशयाचा शेरा फ्रॉइडने मारल्याचे नोंदले गेले आहे. शेरा बोचरा आहे आणि बराच खराही. दालीच्या उत्तरायुष्यातल्या पुष्कळ चित्रांत स्वप्नापेक्षा स्वप्नाची तयारी जास्त दिसते.

भारतीय विद्यार्थ्याची आणखी एक गफलत होते. नरसिंह, गंडभेरुंड किंवा शिमग्यात नमनाच्या फडावर येणारा संकासुर पाहून ‘हे तर आपल्याकडे आधीपासून होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. आकार अद्भुत असले तरी हा अतिवास्तववाद नव्हे. नरसिंह कोण, तो खांबातून का आला, हे पाहणाऱ्या सगळ्या समाजाला ठाऊक असते. माग्रितच्या इंजिनाला अशी कथा नाही, आणि नसावी हाच त्याचा हेतू आहे. उलट बाजूने, ज्यांना अतिवास्तववादी म्हटले गेले त्यांतील काहींनी ते नाकारले. मेक्सिकोची फ्रीडा काहलो आपण स्वप्ने नव्हे, स्वतःचे वास्तव रंगवतो असे सांगत असे. अपघाताने मोडलेल्या तिच्या शरीराचा इतिहास पाहता ते मान्य करावे लागते.

महाराष्ट्रात या चळवळीचा थेट संप्रदाय झाला नाही. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा ओढा अभिव्यक्तिवाद आणि घनवाद यांकडे होता. दालीचा मुंबईशी संबंध आला तो विमान कंपनीमुळे. १९६७ मध्ये त्याने एअर इंडियासाठी पोर्सेलिनचे एक रक्षापात्र घडवले : शिंपल्यासारखी वाटी, काठाभोवती साप, खाली आधाराला हत्ती आणि हंस, उलटे धरले की हंसाचा हत्ती व्हावा असे. मोबदला म्हणून त्याने हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते स्पेनला पोचवलेही. किस्सा रंजक आहे. मराठी चित्रकलेवर त्याचा परिणाम शून्य.

परिणाम पाहायचा तर प्रभाकर बरवे यांच्याकडे वळावे लागते. अलिबागजवळच्या नागावात १९३६ मध्ये जन्मलेले बरवे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, नंतर विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले आणि काही वर्षे वाराणसीत राहिले. तंत्रकलेचा प्रभाव तिथला. पुढे त्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ, पान, ढग, शिंपला, टाचणी अशा साध्या वस्तू येऊ लागल्या, एनॅमल रंगाच्या सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर, एकमेकींपासून अंतर राखून. वरवर पाहता हे माग्रितचे भावंड वाटते. पण माग्रित दोन वस्तूंची टक्कर घडवतो. बरवे त्यांना थांबवून ठेवतात आणि मधल्या रिकाम्या जागेला बोलू देतात. वस्तूकडे फार वेळ पाहिल्यावर ती वस्तू राहत नाही, नुसता आकार उरतो, या अवस्थेत त्यांना रस होता. त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० मधल्या पुस्तकात हा विचार त्यांनी मराठीत मांडला आहे. त्यांचे काम टक्क जागेपणी चालते, झोपेशी त्याचा संबंध नाही. म्हणून त्यांना अतिवास्तववादी म्हणू नये, तरीही अतिवास्तववाद शिकताना त्यांची चित्रे शेजारी ठेवावीत. दोघांतला फरक समजला की दोन्ही समजतात. मराठी कवितेत अतिवास्तववादाचा प्रभाव अधिक उघड आहे. कवी अरुण कोलटकर हे जे. जे.मध्येच शिकलेले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या मराठी कवितांतल्या प्रतिमा चित्रकाराच्याच आहेत.

चिपळूण तालुक्यातल्या विद्यार्थ्याला हे सारे लांबचे वाटण्याचे कारण नाही. सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, आणि तालुक्यातल्याच अलोरे परिसरात तर चित्रसाहित्याचा तोटाच नाही. जांभ्याच्या चिऱ्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की दगडाची भोके आणि शिरा अशा उमटतात की अर्न्स्टच्या फळ्या फिक्या पडाव्यात. याच भागात पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवले आहे, डोंगराच्या पोटात वीजघर आहे, आणि तेच पाणी शेवटी वाशिष्ठीला मिळते. परक्या माणसाला हे वर्णन माग्रितच्या चित्राचे वाटेल. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाला त्यात नवल काही नाही, वीजघर त्याच्या रोजच्या बोलण्यातले आहे. या मुलाने डोंगरातले वीजघर काढले तर ते निसर्गचित्र होईल. अतिवास्तवासाठी त्याला वेगळी वस्तू निवडावी लागेल : घरातला पाटा, शाळेची घंटा, एसटीचे तिकीट, जे काही तो डोळे मिटूनही बिनचूक काढू शकेल. ते आधी पाहून काढावे, सावलीसकट, आणि मगच त्याची जागा बदलावी.