दोन पाण्यांतून

रात्रीचे साडेदहा. घर झोपलेलं. ओट्यावरचा दिवा न लावता, बाहेरच्या खोलीतून येणाऱ्या उजेडात मी वाट्या घासत होतो. त्याच वाट्या नऊ वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी तासाभरापूर्वी घासून, पालथ्या घालून ठेवल्या होत्या. एकीच्या काठाखाली आमटीतली मोहरी चिकटलेली, पेल्याच्या बुडाशी साबणाचा पांढरा ओघळ. आवाज होऊ नये म्हणून नळ अगदी बारीक सोडला होता. तरी पाणी प्यायला उठलेला तो मागे येऊन उभा राहिलाच. ‘‘बाबा, त्या मी घासल्यात,’’ एवढंच म्हणाला आणि पाणी न पिताच परत गेला.

पुढे चार दिवस त्याने सिंककडे बघितलंसुद्धा नाही. बोलावं कोणत्या तोंडाने? आपण घासलेलं कोणी तरी पुन्हा घासणारच असेल, तर घासायचं कशाला, हा त्याचा हिशेब चोख होता. ‘नीट झालं नाही’ हे तोंडावर सांगायला जीव होत नाही आणि तसंच ठेवायला मन धजत नाही. मग आपण असे रात्रीचे उद्योग करतो.

खरं तर मला तरी कुठे येत होतं? लहानपणी मोरीत राख आणि काथ्या घेऊन ताई बसायची आणि मी बाहेर पाढे म्हणायचो. दोघंही एकाच शाळेत जात होतो, पण भांड्यांच्या वेळी अभ्यास मात्र मलाच असायचा. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, भांड्यांच्या मावशींचं येणं थांबलं, तेव्हा चाळिशीत मी पहिल्यांदा कुकर आतून बघितला असं म्हटलं तरी चालेल.

पाचव्या दिवशी मावशींनाच विचारलं. त्या हसल्या. ‘‘पोराला पहिल्याच दिवशी कढई देता व्हय? आधी पेले, चमचे. मग ताटं-वाट्या. तेलकट सगळ्यात शेवटी. न्हाई तर घासणीच तेलकट व्हती, मग सगळ्याला तेल लागतं.’’ हे इतकं सरळ मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग मी आणि तो, दोघेही शिकू लागलो. खरकटं आधी काढायचं, कढीपत्ता आणि मिरचीचे तुकडे जाळीत अडकतात. कणकेची परात आधी भिजत टाकायची आणि गार पाण्यातच. गरम पाण्याने कणीक शिजून आणखी चिकटते. दुधाचं पातेलंही गार पाण्याने विसळून घ्यायचं. तेलाची गंमत उलटी, तिथे गरम पाणी हवं. ‘‘मग साबण काय करतो?’’ असं त्याने विचारलं आणि मला शाळेतलं आठवलं: साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, आणि तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्याबरोबर वाहून जातात. ‘‘म्हणजे दोघांचे हात धरून नेतो,’’ तो म्हणाला. चालेल की! शेवटी भांडं दोन पाण्यांतून काढायचं. ते स्वच्छ झालं की नाही हे डोळ्यांनी नव्हे, बोटाने बघायचं. ओल्या ताटावर बोट फिरवलं की कुर्र वाजलं पाहिजे. हा आवाज त्याला इतका आवडला की आठवडाभर घरातली प्रत्येक वस्तू वाजवून झाली.

‘आईला मदत कर’ हे वाक्य मात्र मी आता वापरत नाही. मदत म्हटलं की काम मूळचं आईचं ठरतं. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांचा दिवस मोजला होता. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका शंभरात 81, पुरुष 26. आणि घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषाचा 97. सहाव्या वर्षापासून मोजायला सुरुवात करणाऱ्यांना नक्की ठाऊक असणार, ही वाटणी कधी सुरू होते ते. आमच्या घरी ती मोरीच्या दारात सुरू झाली होती.

धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा कीर्तनात ऐकताना आपण माना डोलावतो. आणि घरी येऊन जेवलं की ताट जागेवर ठेवून उठतो. (मी उठत होतो. इतरांचं मला माहीत नाही.) सेवाग्रामच्या आश्रमात जेवण झालं की ज्याने त्याने आपली भांडी आपण घासायची, असा शिरस्ता होता. तिथली भांडी काही सगळीच लखलखीत निघत नसतील. पण कोणी रात्री उठून ती परत घासत असेल असं वाटत नाही.

एक बदल मी न सांगता झाला. ताटात वरण-भात वाळू देणारा हा मुलगा आता जेवल्याबरोबर ताटात पाणी घालून ठेवतो. आमच्याकडे सकाळची भांडी अजून मावशीच करतात. वाळलेलं वरण नखाने खरवडावं लागतं, हे त्याच्या नखांना आता माहीत आहे.

काल रात्री मी पेल्याने पाणी प्यायलो. साबणाचा किंचित वास आला. हात सवयीने नळाकडे गेला होता. तो मागे घेतला आणि त्याला हाक मारली. त्याने पेला नाकाशी नेला, मग माझ्याकडे बघितलं. ‘‘दुसरं पाणी राहिलं,’’ म्हणाला आणि पेला घेऊन सिंककडे वळला. मी दिवा लावून दिला.